मुंबई गोदीतल्या 'त्रिंकोमाली'चं सागवानी मॉडेल: स्केल, लाकूड, तांबं आणि काचपेटी

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

शाळेच्या इतिहास दालनासाठी 'त्रिंकोमाली' या फ्रिगेटचं मॉडेल करायचं ठरलं आहे. मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागात बांधलेली ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूल इथे तरंगत्या अवस्थेत जपलेली आहे. त्यानंतर २४ दिवसांनी खडकीची लढाई झाली. पेशवाईचा शेवट शिकवताना त्याच काळातली ही वस्तू मुलांसमोर असावी, असा हेतू आहे.

हाताशी काय आहे ते सांगतो. टेबल ३ फूट बाय २ फूट. पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया मिळताहेत, ५ बाय ५ इंच जाडीच्या. वखारीत चिरून देतील. बँडसॉ, ड्रिल आणि हातअवजारं आहेत, लेथ नाही. काम आठवी-नववीच्या मुलांबरोबर करायचं आहे, त्यामुळे शक्यतो मे महिन्याच्या सुट्टीत.

विचार १:६४ ला शिडांसकट पूर्ण जहाज करायचा आहे. स्केल बरोबर आहे का? वाड्याचा साग चालेल का, की दुसरं लाकूड घ्यावं? पाण्याखालच्या भागावरचा तांब्याचा पत्रा कसा दाखवायचा? आणि काचपेटीत ठेवल्यावर पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

रंधा_पटाशी (मिरज)

१:६४ चं पूर्ण जहाज त्या टेबलावर बसणार नाही. तोफमाळ्याची लांबी १५० फूट ४½ इंच, म्हणजे ४५.८३ मीटर. १:६४ ला ती ७१६ मिमी होते. त्यात पुढे तिरकी निघणारी बाऊस्प्रिटची काठी आणि मागची बाजू धरली की लांबी मीटरच्या वर जाते. तुमच्याकडे ९१४ मिमी आहेत. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. तीन डोलकाठ्यांच्या फ्रिगेटचं दोरकाम शेकडो गाठींचं असतं, ते एका सुट्टीत होत नाही. आणि अर्धवट दोरकाम केलेलं जहाज वर्षभरात धूळ खात लोंबतं.

माझं स्पष्ट मत: पूर्ण जहाज करू नका, मधला काप करा. पाव कापल्यासारखा जहाजाच्या पोटातून दोन तोफा मावतील एवढा, साधारण ६ मीटरचा तुकडा, १:२४ ला. जहाजाची रुंदी ३९ फूट ११¼ इंच, म्हणजे १२.१७ मीटर; ती ५०७ मिमी येते. लांबी २५० मिमी, उंची कण्यापासून कठड्यापर्यंत साडेतीनशे ते चारशे मिमी. टेबलावर आरामात बसतं, आणि मुलांना जे पूर्ण मॉडेलमध्ये कधीच दिसत नाही ते दिसतं: कणा, फासळ्या, आतली-बाहेरची फळी, तुळया, माळे, तोफ. डावी बाजू पूर्ण फळ्या आणि तांब्यासकट करा, उजवी उघडी ठेवा म्हणजे फासळ्या दिसतील.

आराखडे लेडा वर्गाचे, म्हणजे 'त्रिंकोमाली' ज्या नमुन्यावर बांधली त्याचे घ्या. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात त्या वर्गाची मूळ ड्रॉइंग आहेत. मधल्या कापाचं ड्रॉइंग मिळालं तरी पुरे. ते १:२४ ला छापून घेतल्यावर आधी रुंदी पट्टीने मोजा. छपाईच्या दुकानात 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर सगळं ३-४ टक्क्यांनी लहान येतं आणि हे फासळ्या कापून झाल्यावर कळतं.

आता लाकूड. वाड्याचा साग जरूर वापरा, पण आधी तुळईच्या चारही बाजूंनी चुंबक फिरवा. घडाईचे जुने खिळे आत मोडून बसलेले असतात आणि बँडसॉचं पातं एका खिळ्यात जातं. बाहेरचा पांढरट भाग आणि वाळवीने पोखरलेला भाग काढून टाका, गाभ्याचं तपकिरी लाकूड तेवढं घ्या. सागात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. कार्बाइड टोकाचं पातं असेल तर उत्तम. आणि मुलांना मास्क द्याच. सागाचा भुसा काहींच्या कातडीवर पुरळ उठवतो, नाका-घशालाही त्रास देतो.

एक घनफूट चांगला साग या कामाला पुरतो; चिराईची तूट आणि चुका धरून दीड घनफूट घ्या. फासळ्या दुहेरी असतात, प्रत्येक थर १२ मिमीचा चिरून घ्या, आणि ड्रॉइंगमधलं अंतर धरून साधारण आठ जोड्या लागतील. एक फासळी एका फळीतून कापू नका. वळणावर रेषा आडव्या पडतात आणि तिथेच ती तुटते. खऱ्या जहाजातही फासळी तीन-चार वाकड्या तुकड्यांची असते आणि दोन थरांतले सांधे एकमेकांसमोर येऊ देत नाहीत. तसंच करा. बाहेरची फळी ४ इंची धरली तर ४.२ मिमी, माळ्याची ३ इंची धरली तर ३.२ मिमी.

लहान भागांना साग वापरू नका. त्याचे रेषे आणि छिद्रं मोठी, १:२४ ला बारीक कडा झडतात. तोफेचे गाडे, कप्पी, खुंट्या यासाठी हेदू घ्या. पिवळसर, बारीक पोताचा, पटाशीखाली लोण्यासारखा चालतो.

आणि मे महिना. इथे तुमचं काम फसेल, म्हणून सविस्तर सांगतो. एप्रिल-मेमध्ये साताऱ्याची हवा कोरडी, लाकडातला ओलावा ७-८ टक्क्यांवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच १५-१६ च्या पुढे जातो. सागाची रुंदी ओलाव्यातल्या दर १ टक्का फरकाला साधारण ०.२ टक्के बदलते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कण्यापासून कठड्यापर्यंत ६०० मिमी फळ्या एकीला एक घट्ट चिकटवल्या, तर ८ टक्के फरकाला सुमारे ९ ते १० मिमी वाढ होते. तिला जायला जागा नसते, मग फळ्या फुगून फासळीवरून उचलतात. उलट, ऑगस्टमध्ये चिकटवलं तर पुढच्या एप्रिलला प्रत्येक फटीत नख जातं.

म्हणून मेमध्ये फक्त चिराई आणि फासळ्यांची कापणी करा. चिरलेल्या पट्ट्या मध्ये काड्या घालून चवडीने रचा, वर वजन ठेवा आणि राहू द्या. तुळई शंभर वर्षं वाळलेली असली तरी चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि पट्ट्या पिळतात. ज्या पिळायच्या त्या आधीच पिळून जाऊ देत. फळ्या चिकटवायचं काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात करा. तेव्हा ओलावा मधल्या पातळीवर असतो. फळी फासळीला चिकटवा, फळीला फळी चिकटवू नका. पट्ट्या उभ्या रेषांच्या (टोकाला वाढीची वर्तुळं उभी दिसतील अशा) काढल्या तर हालचाल जवळपास निम्म्यावर येते. वखारीत हे आधीच सांगा, नंतर उपयोग नाही.

कृष्णाकाठ_६२ (कराड)

वरच्या उत्तरातलं काम मला पटलं. मी खऱ्या जहाजाबद्दल लिहितो, कारण काप दाखवला की फलकावर काय लिहायचं हा प्रश्न येणारच.

या जहाजाचे आराखडे मुंबईला यायचे होते ते 'जावा' या फ्रिगेटवर होते. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं. आराखडे गेले, आणि मुंबईत बांधत असलेल्या दुसऱ्या जहाजांसाठीचं तांबंही गेलं. पुन्हा प्रती पाठवाव्या लागल्या आणि काम १८१६ मध्ये सुरू झालं. मुलांना हे सांगाच, कारण 'कॉन्स्टिट्यूशन'ही आज बॉस्टनला तरंगत जपलेली आहे. एकमेकींच्या नशिबात गुंतलेल्या दोन नौका, दोन्ही शिल्लक.

वाडिया घराण्याची रीत म्हणून कणा घालताना चांदीचा खिळा ठोकला गेला होता. तुमच्या कापात कणा आहेच. त्यावर एक बारीक चांदीची तार बसवलीत तर ती गोष्ट सांगायला हातात काहीतरी राहील.

लाकूड का टिकलं, हा खरा विषय. ओकमध्ये टॅनिन आम्ल असतं. ते लोखंडी बोल्ट खातं, आणि गंजणारं लोखंड उलट ओकला कुजवतं. सागात नैसर्गिक तेल असतं. लोखंडाशी त्याचं असं वैर नाही आणि कीडही सहज लागत नाही. 'व्हिक्टरी' ही १७६५ ची ओकची नौका, १९२२ पासून पोर्ट्समथला कोरड्या गोदीत. तिला बुरशीने आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने सतावलं आहे. 'त्रिंकोमाली'ची डागडुजी १९९० मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये संपली आणि अर्ध्याहून जास्त मूळ लाकूड राखता आलं. 'कॉन्स्टिट्यूशन'मध्ये मूळ लाकूड १० ते १५ टक्के उरल्याचं सांगतात.

पण श्रेय एकट्या सागाला देऊ नका, तसं लिहिलं तर फलक चुकेल. त्याच लेडा वर्गातली, सुधारित बांधणीची 'युनिकॉर्न' १८२४ मध्ये चॅटमला पाण्यात उतरली, आज डंडीला आहे. ती ओकची असूनही तिचं मूळ लाकूड फार मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे. कारण साधं आहे. तिला डोलकाठ्या कधी चढवल्याच नाहीत, बांधल्यापासून वर छप्पर घातलं. लाकडी जहाजाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वरून झिरपणारं पावसाचं गोडं पाणी जास्त मारतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरते, आणि ती सुरू होते ती न दिसणाऱ्या जागी: तुळईचं टोक फळीत शिरतं तिथे, फासळ्यांच्या मधल्या पोकळीत. कोकणातल्या घराचे वासे भिंतीत शिरतात तिथेच आधी कुजतात, तोच न्याय. तुमच्या उघड्या बाजूला ही जागा लाल ठिपक्याने दाखवा.

दुसरा शत्रू आकाराचा. तरंगत्या जहाजाला मध्ये पाण्याचा आधार जास्त, टोकांना कमी, म्हणून वर्षानुवर्षं दोन्ही टोकं खाली झुकतात आणि कणा मधे वर उचलला जातो. 'कॉन्स्टिट्यूशन'चा कणा असा १३ इंचांहून जास्त वाकला होता. १९९२ ते १९९६ च्या कामात आतल्या तिरक्या धिऱ्यांची मूळ रचना परत बसवून तो सरळ केला. कोरड्या गोदीत याच्या उलट होतं: पाण्याचा आधार गेला की पोट टेकूंवर बसतं. 'व्हिक्टरी'ला २२ पोलादी आधारांऐवजी आता १३४ टेकू दिले आहेत, म्हणजे वजन बऱ्याच ठिकाणी वाटलं जाईल आणि प्रत्येक टेकूवरचा भार मोजता येईल.

फलकावर वर्ष '१८१७ ची रचना' असं लिहा. १८४५ मध्ये जहाज बदलून कमी तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका) केली गेली. तुमच्या मधल्या कापात १८ पौंडी (१८ पौंडांचा गोळा मारणाऱ्या) तोफा येणार, त्या मूळ रचनेतल्या. तोफमाळ्यावर अशा २८ होत्या. पुढे १८९७ मध्ये भंगारात जाता जाता ती वाचली, प्रशिक्षण नौका झाली आणि 'फूद्रॉयां' नावाने राहिली. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं. फलकाला एवढं पुरे.

अजिंक्यतारा_पायथा

दोघांचे मनापासून आभार. मधला काप करायचं नक्की केलं. आता तांबं आणि डिंक याबद्दल सांगा. सागाला साधा फेविकॉल नीट धरत नाही असं ऐकलं आहे. शिवाय पालक विचारतील की साताऱ्याच्या शाळेत इंग्रजांची नौका का, कान्होजी आंग्र्यांचं गुराब (मराठा आरमाराची युद्धनौका) का नाही? त्याचं उत्तर काय द्यावं?

कृष्णाकाठ_६२

गुराबाचं सरळ उत्तर: एकही मूळ गुराब शिल्लक नाही, आणि मोजून काढलेले आराखडेही हाताशी नाहीत. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांवरून एवढं कळतं: दोन डोलकाठ्यांचं गुराब १५० टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांचं ३०० पर्यंत, गलबत क्वचितच ७० टनांच्या वर. गुराबाची नाळ (पुढचं टोक) लांब, पुढे निघालेली, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी दोन तोफा. त्यावरून चित्र काढता येईल, पण फासळीची जाडी सांगता येणार नाही. म्हणून गुराब चित्रात, फ्रिगेट लाकडात.

साताऱ्याचा धागा मात्र पक्का आहे. १७१३-१४ च्या तहात शाहू महाराजांनी कान्होजींचं सरखेलपद (आरमारप्रमुखपद) कायम केलं, आणि आरमाराचा धनी साताऱ्याचा झाला. गुराबाच्या चित्राखाली हे लिहा. शेजारी फळ्यांच्या जोडणीचा छोटा नमुना ठेवा: सुरत-मुंबईकडे फळीच्या काठाला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवत आणि मध्ये कापूस व राळ घालत. दोन फळ्यांचे फूटभर तुकडे घेऊन ६ मिमी खोल खाच मारा. मुलांना हाताने जोडून-सोडून बघता येईल असा ठेवा. हा नमुना किनाऱ्यावरच्या कारागिरीचा म्हणूनच मांडा, फ्रिगेटच्या कापाला तशी खाच मारू नका.

तांबट_आळी (सांगली)

डिंक आणि तांबं.

सागाचं तेल पृष्ठभागावर येतं म्हणून पांढरा डिंक सुटतो. चिकटवायच्या आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, ॲसिटोनने पुसा, कापड तपकिरी होणं थांबेपर्यंत. मग दहा-पंधरा मिनिटांत चिकटवा. रात्रभर ठेवलंत तर तेल परत वर येतं. फासळ्यांचे सांधे इपॉक्सीनेच करा, दोन भागांचं हळू वाळणारं अराल्डाइट चालतं. पाच मिनिटांत धरणारं नको, मुलांच्या हातात क्लॅम्प लागेपर्यंत ते आवळून येतं. क्लॅम्प फार करकचून आवळू नका, सगळा डिंक बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. ॲसिटोन आणि इपॉक्सी दोन्ही हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून.

नुसत्या डिंकावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक फळी-फासळी सांध्यात तांब्याची पिन मारा. खऱ्या जहाजात १ इंची तांब्याचा बोल्ट असतो, १:२४ ला तो १ मिमी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात १९ नंबरची तांब्याची तार मिळते, ती १.०२ मिमी आहे. वरचं इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण काढा, नाहीतर इपॉक्सी धरणार नाही. १.१ मिमीचं भोक, १२ मिमीचा तुकडा, इपॉक्सीत बुडवून आत, वाळल्यावर कानशीने सपाट. ड्रिलचे दोन-चार जादा बिट आणून ठेवा, मुलांच्या हातून मोडतातच.

तांब्याचा पत्रा. आरमाराचा ठरावीक पत्रा ४ फूट बाय १४ इंच असे, म्हणजे तुमच्या स्केलला ५१ बाय १५ मिमी. मागे गोंद असलेली ०.०५ मिमी जाडीची तांब्याची फॉइल टेप घ्या. जाड पत्रा घेतला तर पायऱ्या दिसतात आणि जहाज कौलारू घरासारखं वाटतं. एका बाजूला पाणरेषेपर्यंत सुमारे २७ ओळी, ओळीला ६ तुकडे, म्हणजे १६२. बिघडणारे धरून १८० कापा. सुरुवात कण्यापासून वर आणि मागून पुढे, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी सांध्यावरून घसरून जातं, सांध्यात शिरत नाही. चढ १.५ मिमी ठेवा. विटांसारखे सांधे एक सोडून एक करा.

फॉइल लावायच्या आधी त्या भागावर शेलॅकचे दोन हात द्या. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या पॉलिशला वापरतात तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. उघड्या सागावर टेपचा गोंद तेलामुळे सहा महिन्यांत सुटतो, हे नेहमीचं. खिळ्यांचे ठसे मागच्या बाजूने, बोथट सुईने, अगदी हलके. बहुतेक मॉडेलमध्ये खिळे इतके उठवतात की अंगावर गोवर आल्यासारखं दिसतं. खरे खिळे पत्र्याला सपाट असतात. हाताळताना सुती मोजे घाला. बोटाच्या घामाचा ठसा तांब्यावर दोन दिवसांत काळा उमटतो आणि तो निघत नाही. वरून चकचकीत वॉर्निश मारू नका, तांबं आपोआप तपकिरी पडू द्या.

मुलांना तांब्यामागचं कारणही दाखवा. 'अलार्म' नावाच्या फ्रिगेटला १७६१ मध्ये पहिल्यांदा तांब्याचा पत्रा मारून पाहिला. पोखरणारा जहाजकिडा थांबला, पण लोखंडी खिळे तांब्याला लागून समुद्राच्या पाण्यात खंगून गेले. जिथे पत्र्याखाली वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता तिथले खिळे मात्र शाबूत होते. एका भांड्यात मिठाचं पाणी घ्या. एक लोखंडी खिळा तांब्याच्या तारेत गुंडाळून आणि एक नुसता, असे दोन ठेवा. आठवड्यात फरक दिसतो. पुढे तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले ते यामुळे.

तोफा: १८ पौंडी, ९ फुटी धरली तर ११४ मिमी लांब, तोंडाचं भोक ५.६ मिमी. २५ मिमी व्यासाची पितळी सळई आणि ड्रॉइंग घेऊन एखाद्या लेथवाल्याकडे जा, दोन नग एका बैठकीत होतात. नंतर काळ्या करा, खऱ्या तोफा ओतीव लोखंडाच्या होत्या.

रंधा_पटाशी (मिरज)

तोफा पितळीच करा, शिशाच्या नकोत. गळाची शिशाची वजनं वितळवून ओतायचा मोह होतो. मुलांसमोर शिसं वितळवणं धोक्याचं, आणि बंद पेटीत लाकडाच्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते, तोफ आतून फुगून फुटते. एमडीएफ आणि स्वस्त प्लायमधून अशी वाफ जास्त निघते, म्हणून पेटीचा तळ त्यांचा करू नका; जुना साग किंवा ॲल्युमिनियम घ्या.

पेटी हवाबंद नको. मागच्या बाजूला खाली दोन आणि वर दोन, १० मिमीची भोकं पाडा, आतून बारीक जाळी लावा. पेटी ६५० बाय ४०० आणि उंची ५५० मिमी ठेवा, म्हणजे सगळीकडून हात फिरेल एवढी जागा राहते. तळाखाली खण करून त्यात अर्धा किलो सिलिका जेल ठेवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याने तव्यावर मंद आचेवर वाळवून परत. उन्हाळ्यात जेल काढून टाका, नाहीतर आधीच कोरड्या हवेत ते लाकूड आणखी सुकवतं. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ६० च्या मध्ये असला की काळजी नाही. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पडेल अशी जागा टाळा, आणि आत दिवा बसवू नका. तो दिवसा लाकूड तापवतो, रात्री थंड करतो, आणि फळ्यांचे सांधे रोज थोडे थोडे हलतात.

काचेच्या सांध्यांना आंबट वासाचं सिलिकॉन लावलंत तर ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तांब्यावर हिरवट थर येतो. शक्यतो बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मागा. तेही लावल्यावर पेटी दोन आठवडे उघडी ठेवा, आणि तोवर मॉडेल आत ठेवू नका.